ओव्हाळबाईंचा तास

लिंबागणेशजवळच्या माझ्या सध्याच्या शाळेत गेल्या महिन्यात दहा टॅब आले. नारळ फुटला, फोटो निघाले, फोटो ग्रुपवर गेले. टॅबमध्ये गणिताचे खेळ आहेत. उत्तर बरोबर आलं की फुगा फुटतो आणि आतून कुणीतरी गोड आवाजात 'शाब्बास' म्हणतं. चौथीतल्या एका पोरीनं दुसऱ्याच दिवशी शोध लावला, की चारही उत्तरांवर एकामागून एक बोट ठेवत गेलं की कधी ना कधी फुगा फुटतोच. "सर, इचारच कराय लागत न्हाई," असं तिनं मला मोठ्या आनंदानं सांगितलं. मी हसलो, आणि हसता हसता थांबलो. कारण हे पहिल्यांदा ओव्हाळबाईंना सांगायला हवं होतं, आणि ओव्हाळबाई आता नाहीत.

कौसल्या ओव्हाळ. शिरूर कासार तालुक्यातल्या एका वस्तीवर माझी पहिली नेमणूक झाली, तिथं पाच वर्गांना मिळून दोन शिक्षक होते. एक त्या, दुसरा मी. वयानं त्या माझ्या आईएवढ्या. मुख्याध्यापकाचा पदभार न्यायानं त्यांचा, पण मी हजर झालो त्याच दिवशी त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या सर, तुमी तरुण हाव. मला कागद दिसला की झोप येती." मला वाटलं विनय आहे. आठ दिवसांत कळलं की तो विनय नव्हता, ती वस्तुस्थिती होती. पाठटाचण लिहायला बसल्या की बाई खरोखर पेंगायच्या.

माझं बरोबर उलटं. मला कागद आवडतो. हजेरीपत्रक, टाचण, पोषण आहाराची नोंद, मासिक गोषवारा, सगळं वेळेच्या आधी तयार. माझं अक्षर छापल्यासारखं आहे असं मी नाही, लोक म्हणतात. म्हणजे मीही म्हणतो. त्या शाळेत माझ्यासारखा माणूस आणि ओव्हाळबाई एका छपराखाली आले, ही गंमत कुणी घडवून आणली असेल तर त्याला मी अजून हात जोडतो.

बाई बुटक्या, अंगानं भरलेल्या. चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. साडीखाली कॅनव्हासचे बूट, का तर पळायला बरे. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात चिंचोके, कवड्या, बाटल्यांची झाकणं आणि फुटक्या बांगड्यांचे तुकडे. त्या काळ्या-पिवळ्या जीपमधून उतरून शाळेकडं चढू लागल्या की आधी पिशवीचा खुळखुळाट यायचा, मग बाई. खुर्चीत त्या कधी बसत नसत. खुर्चीवर त्यांचा डबा बसायचा.

हजर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या वर्गात डोकावलो तर वर्ग रिकामा. फळ्यावर खडूची रेघ नाही. पोरं मागच्या माळावर, आणि मधोमध बाई, पदर खोचून, हातात दांडू. त्यांनी असा टोला हाणला की विटी बोरीच्या झुडपापलीकडं गेली. मी घड्याळ बघत, आवाजात जेवढा म्हणून मुख्याध्यापक आणता येईल तेवढा आणून विचारलं, "बाई, आत्ता कोणता तास चालू आहे?"

"गणिताचा," बाई म्हणाल्या. "बाजूला व्हा सर, लागंल."

विटी किती लांब गेली ते दांडूनं मोजतात. दोन गट, दोन दांडू. एका गटानं मोजलं तर एकवीस भरले, दुसऱ्यानं मोजलं तर सतरा. झालं, जुंपली. तू खोटं मोजलंस, तुझा बाप खोटा मोजतो, इथपर्यंत मजल गेली. मी भांडण सोडवायला धावलो तर बाईंनी माझं मनगट धरलं. "बसा हो. ह्या शेंगा खा." आम्ही दोघं दगडावर बसून शेंगा खात राहिलो आणि समोर महाभारत चाललं होतं. पाव तास गेला असेल. मग एका पोरीनं दोन्ही दांडू शेजारीशेजारी उभे धरले, आणि सगळे एकदम गप झाले. एक दांडू आखूड होता. "मंग दोगांनी एकच दांडू घ्यायचा ना!" ती ओरडली. तेव्हा कुठं बाई उठल्या, वर्गात गेल्या आणि दारामागं कोळ्याच्या जाळ्यात पडलेली मीटरपट्टी घेऊन आल्या.

"भांडान झाल्याबिगर मीटर कळत न्हाई, सर," जाता जाता मला म्हणाल्या. मी डी.एड.ला मीटरची व्याख्या पाठ करून शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी मिळवून आलो होतो. त्या दिवशी मी घरी जाऊन ती पुन्हा आठवून पाहिली, ती काही आठवली नाही.

एक मात्र सांगितलं पाहिजे. बाई पोरांना मुद्दाम जिंकू देत नसत. "मुद्दाम हारायचं म्हंजे पोरायला येडं समजायचं," असं त्यांचं म्हणणं. जिंकण्यासाठी त्या जिवाच्या आकांतानं खेळायच्या, आणि हरल्या तर खरोखर रुसायच्या. तिसरीतल्या एका पोरानं त्यांना कवड्यांत हरवलं त्या दिवशी बाईंनी दुपारचा चहा घेतला नाही. मी दोनदा विचारलं. "नगं म्हनलं ना!" असं खेकसल्या. त्या पोराला मात्र गावात आठवडाभर मान होता.

एकदा बीडहून तपासणीला एक साहेब आले. आल्या आल्या म्हणाले, वह्या दाखवा. माझ्या वर्गाच्या वह्या मी अभिमानानं पुढं केल्या. बाईंच्या वर्गाच्या वह्या निम्म्या कोऱ्या. साहेबांचा चेहरा आंबट झाला. बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, वह्या कोऱ्या हायत, पोरं न्हाईत. इचारून बघा." आणि साहेबांना व्हरांड्यात नेलं. तिथं खडूनं तीन मोठी घरं आखलेली होती: शतक, दशक, एकक. संख्या सांगायची आणि लंगडी घालत प्रत्येक घरात तेवढ्या उड्या मारायच्या. साहेबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी बूट काढले आणि म्हणाले, सांगा संख्या. दुसरीतली एक चिमुरडी म्हणाली, तीनशे पाच. साहेबांनी शतकाच्या घरात तीन उड्या मारल्या, दशकाच्या घरात पाय टेकवला आणि सगळा वर्ग किंचाळला. "साहेब बाद! दशकात कायच न्हाई! तितं थांबायचं न्हाई, टांग टाकून जायाचं!" साहेब अर्धा तास खेळले. घामाघूम झाले. जाताना शेरेबुकात 'लेखी कामाकडे लक्ष द्यावे' असं लिहून गेले, कारण त्यांनाही नोकरी होतीच. पण जीपमध्ये बसता बसता त्यांनी मला हळूच विचारलं, "चार हजार सहा सांगितले असते तर दोन घरं ओलांडायची, नाही का?"

आता रुकमीचं सांगतो. मला खरं तर तेच सांगायचं आहे, आणि बराच वेळ मी इकडचं तिकडचं सांगत ते लांबवतो आहे.

आमच्या वस्तीतली निम्मी घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जायची. ट्रॅक्टर यायचा, घरांना कुलपं लागायची, आणि माझ्या हजेरीपत्रकात खाली खाली नुसत्या गैरहजेरीच्या खुणा. पोरं परत यायची ती गुढीपाडवा उलटून गेल्यावर. तोवर शिकलेलं निम्मं उसातच राहिलेलं असायचं. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. मी अपूर्णांक शिकवायला कंपासनं सुरेख गोल भाकरी काढून तिचे तुकडे पाडले होते, तेव्हा एकानं विचारलं होतं, "सर, भाकर मोडायची कावून? अख्खीच खाऊ की." शेवटी बाईंनी माझा वर्ग आपल्या वर्गात मिसळला आणि खेळ काढला. त्या शिट्टी वाजवून ओरडायच्या, "दोन कोयते!" की चौघांनी हात धरून उभं राहायचं. "दीड!" की तिघांनी. "अडीच!" की पाच जणांनी. उरेल तो बाद. दोन दिवसांत पोरांना अर्धा, दीड, अडीच असं पक्कं झालं की झोपेत विचारावं.

तिसऱ्या दिवशी बाईंना लहर आली. त्यांनी आरोळी ठोकली, "पाव कोयता!"

पोरं थबकली. अर्ध्या माणसाचं काय करायचं? कुणी एका पायावर उभं राहिलं, कुणी दुसऱ्याच्या पाठीमागं अर्धं लपलं. हसून हसून मुरकुंडी वळली. चौथीतली रुकमी तेवढी मधोमध एकटी, ताठ उभी होती.

"तू कावून गं तशी हुबी?"

"बाई, पाव कोयता म्हंजे मी."

"ते कसं?"

"मी वाढं गोळा करते. मोळ्या बांधाय हात लावते. बारक्या भावाला, बाळ्याला सांबाळते. आमचा मुकादम म्हनतो, ही पोरगी पाव कोयता हाय." वाढं म्हणजे उसाचे शेंडे, जनावरांच्या वैरणीला जातात ते. तिच्या आवाजात लाज नव्हती. उलट जरा तोराच होता, आपल्याला उत्तर आलं याचा.

बाईंनी शिट्टी पिशवीत टाकली. "बरोबर हाय तुझं," म्हणाल्या, आणि त्या दिवशी पुढं खेळ झाला नाही.

दुपारी चहा पिताना त्यांनी कप अर्ध्यावरच खाली ठेवला. मग म्हणाल्या, "सर, ही पोरगी यंदा जायची न्हाई."

"कुणी ठरवलं?"

"म्या."

पोरगी हुशार होती, ते माझ्याही लक्षात आलं होतं. पण हुशार पोरं दर वर्षीच जातात असा माझा हिशेब. बाईंचं तसं नव्हतं. त्यांच्या मनानं घेतलं होतं की ही एक पोरगी हंगामात इथं राहिली, पाचवीला नीट बसली, तर पुढं तिला कुणी पाव म्हणणार नाही. त्यांनी त्यासाठी जे केलं ते फक्त त्याच करू जाणत.

रुकमीच्या बापाची एक विधवा बहीण होती, गंगूआत्या. नवरा गेल्यावर ती अर्धा कोयता झाली, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कुणी सहजासहजी घेत नाही. म्हणून ती दोन शेळ्या घेऊन गावातच राहायची. रुकमीला तिच्याजवळ ठेवायचं असा बाईंचा बेत. आत्यानं पहिल्या झटक्यात झिडकारलं. "पोरीची जात, बाई. काई इपरीत झालं तर भाऊ माझ्याच नरड्याला लागंल." बाईंनी वाद घातला नाही. पुढच्या रविवारी त्या मला घेऊन पुन्हा गेल्या, आत्याच्या दारातल्या फरशीवर कोळशानं चल्लसचा, म्हणजे सोंगट्यांच्या खेळाचा पट आखला, चार चिंचोके टाकले आणि म्हणाल्या, "खेळती का? का इसरली?"

पहिल्या रविवारी आत्यानं बाईंना पाणी वरून ओंजळीत ओतलं. बाई ओंजळीनं प्याल्या. मी शेजारीच होतो, मला पेल्यात मिळालं, आणि मी मान खाली घालून ते प्यालो. मी काही बोललो नाही याची मला आजही लाज वाटते. बाई मात्र तोंड पुसून म्हणाल्या, "टाक, तुझं दान हाय." चौथ्या की पाचव्या रविवारी आत्याची सोंगटी मरणाच्या दारात होती आणि बाईंनी पाणी मागितलं. आत्यानं चिडून अख्खा तांब्याच त्यांच्यापुढं आदळला. "घ्या, प्या आन् खेळा लवकर! येळ कावून लावता?" बाईंनी तांब्या तोंडाला लावला. ओंजळीनं पाणी प्यायची वेळ पुढं कधी आली नाही.

आत्याला नीट दिसत नसे, म्हणून रुकमी तिच्या बाजूनं घरं मोजायला बसायची. खेळता खेळता ती पुढच्या तीन दानांचा हिशेब आधीच सांगू लागली, आणि आत्या बाईंना हरवू लागली. दसऱ्याच्या आसपास आत्या म्हणाली, "ऱ्हाऊ द्या पोरगी माझ्यापाशी. पर तुमी रविवारी येत जावा." रुकमीची आईसुद्धा राजी झाली. "बाळ्याला झोळीत टाकीन मी. आमी न्हाई का झोळीतच वाढलो?" उरला बाप, अंकुश. तो ना हो म्हणत होता, ना नाही.

दिवाळीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यात बाईंना बीडला तीन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. विषय होता 'कृतीतून शिक्षण'. प्रत्येक शाळेतून एक जण पाठवायचा होता, मला कागदांची घाई होती, म्हणून मी त्यांचं नाव दिलं. बाई पोट धरून हसल्या. "म्हंजे म्या आता तितं बसून पेंगायचं," म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी अंकुश शाळेत आला. दाराशीच उभा राहिला, आत या म्हटलं तरी येईना.

"सर, रुकमीचं कसं करावं? बाई म्हनत्यात ठिवा. घरचीबी तेच म्हनती. पर माझं मन धजंना. पोरगी माघारी ठिवून मला घास गोड लागायचा न्हाई. तुमी काय म्हनता?"

आता कळतं की त्याला फक्त एक ठाम शब्द हवा होता. 'ठेवा' एवढाच. तो तेवढ्यासाठी दीड मैल चालत आला होता. पण माझ्या टेबलावर तेव्हा हमी कार्डांची चळत होती. स्थलांतरित मुलांसाठी ती द्यायची असतात, म्हणजे मूल जिथं जाईल तिथल्या शाळेनं ते कार्ड पाहून त्याला बसवून घ्यायचं. मी सगळी लिहून तयार ठेवली होती. मागच्या वर्षीच्या यादीवरून लिहिली, त्यामुळे रुकमीचंही त्यात होतं. नाव, इयत्ता, जन्मतारीख, सगळं देखणं. मी ते काढलं आणि त्याच्या हातात ठेवलं.

"काळजी करू नका. नेलीत तरी शिक्षण बुडत नाही. तिथल्या जवळच्या शाळेत हे दाखवा."

अंकुशनं कार्ड उलटसुलट केलं. "सरकारचं हाय?"

"सरकारचंच."

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. कार्ड त्यानं खिशात घातलं, वरून हात दाबला, आणि मला नमस्कार करून गेला. एका बापाची चिंता मिटवली म्हणून मी खूश होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर गेला.

बाई परतल्या त्या दिवशी त्यांनी वर्गावर नजर फिरवली आणि विचारलं, "रुकमी कुटंय?"

मी सांगितलं. कार्डाचंही सांगितलं, अजून मला त्यात चूक दिसत नव्हती. बाईंनी खुर्चीवरचा डबा उचलून खाली ठेवला आणि खुर्चीत बसल्या. मी त्यांना खुर्चीत पहिल्यांदाच पाहत होतो.

"उसाचा फड कुटं आन् शाळा कुटं, सर," त्या हळूच म्हणाल्या. "बाळ्याला कडंवर घिऊन पोरगी साळंत जाईल का?"

तेव्हा मला दिसलं काय झालं ते. मला त्यांनी शिव्या घालाव्यात असं वाटत होतं. त्या उठल्या, टेबलावरचं उरलेलं एक कार्ड हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "अक्षर लई चांगलं हाय हो तुमचं." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पाडवा उलटल्यावर टोळ्या परतल्या. रुकमी शाळेत आली, कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, घडीसुद्धा न मोडलेलं. "घ्या सर. बापानं जपून ठिवलतं." तिच्या दोन्ही हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे होते. बाईंनी तिला पाहिलं आणि जोरात ओरडल्या, "आली का गं! चल, डाव मांडू!"

रुकमी दारापाशीच बसली. "मी न्हाई खेळत, बाई. मी बगते."

"कावून?"

"खेळनं बारक्यांचं असतंय."

दहा वर्षांची पोर. बाईंनी सगळं करून पाहिलं. जून गेला, आषाढ-श्रावण गेला. नवे खेळ काढले, जुने काढले, आत्याच्या दारात पट मांडला. विचारलं तर रुकमी उत्तर बरोबर द्यायची, पण दाराशी बसून, हात मांडीखाली घालून. एका दुपारी शाळा सुटल्यावर बाई पटांगणातले चिंचोके गोळा करत होत्या, मीही वाकून गोळा करू लागलो. "ह्या पोरीपुढं म्या हारले, सर," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला, पण तो नुसता हातात धरून ठेवला.

सप्टेंबरअखेर बाई सेवानिवृत्त झाल्या. शाल, नारळ, भाषणं. गंगूआत्यानं सगळ्यांसमोर बाईंच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं. कार्यक्रम संपल्यावर बाईंनी मला बाजूला घेतलं. "मुकादमाला सांगून ठिवलंय. दिवाळीनंतर ट्रॉलीत माझीबी जागा धर म्हनलं."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

त्यांचा मुलगा पुण्यात असतो, चांगला नोकरीला. त्याचा मला फोन, सर, आईला समजवा, या वयात पालात राहणार का ती. मी समजवायला गेलो. बाई भाजी निवडत होत्या. "पोरायला हितं थांबवायचं मला जमलं न्हाई," म्हणाल्या. "मंग पोरं जितं जातेत तितं गेलं तर काय बिगाडलं?" त्यांना समजवायचा अधिकार मला उरला नव्हता, मी शेजारी बसून भाजी निवडू लागलो.

बाई दोन हंगाम गेल्या. फडाशेजारच्या कोप्यांमध्ये, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांमध्ये राहिल्या. अधूनमधून फोन यायचा. "या की सर एकदा. दुसऱ्या टोळ्यांचीबी पोरं जमत्यात. कांडी मोजून पाढे चाललेत. उसाला पेरं असतेत ना, लई कामाला येतेत." मी येतो येतो म्हणायचो. कधी तपासणी, कधी निवडणुकीचं काम, कधी ऑनलाइन माहिती. मधल्या उन्हाळ्यात माझी बदली लिंबागणेशकडं झाली, त्या गडबडीत गाठ राहून गेली. दुसऱ्या हंगामात, एका दुपारी पोरांमध्ये बसल्या बसल्याच बाई गेल्या. बीडला आणलं तेव्हा गर्दी इतकी होती की मी मागंच राहिलो. त्यांचा चेहरा मी पाहिला नाही. पुढं होण्याची हिंमत नव्हती, हे जास्त खरं.

म्हणून मला बाई दिसतात त्या पहिल्या हंगामाला निघाल्या त्या सकाळच्या. वस्तीच्या रस्त्याला ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. गोण्या, पत्र्याच्या पेट्या, चुली, कोंबड्यांची डालगी. सगळ्यांत वर, गुंडाळलेल्या ताडपत्रीवर बाई, साडीवर मुलाचा जुना स्वेटर घालून. खाली गंगूआत्या डोळे पुसत भांडत होती, "रविवारी आता म्या कुनासंगं खेळू, सांगा की!" रुकमी ट्रॉलीच्या कडेला पाठ फिरवून बसली होती, मांडीवर दोन वर्षांचा बाळ्या.

मला बाईंना एक सांगायचं होतं. बाई, माझं चुकलं. वर्षभर ते ओठांवर होतं आणि वर्षभर मी ते गिळत आलो होतो. मी ट्रॉलीजवळ गेलो तेवढ्यात ट्रॅक्टर सुरू झाला. मी बोललो, पण इंजिनाच्या आवाजात मलाच ऐकू आलं नाही. बाई वाकून ओरडल्या, "काय म्हनता, सर?"

"काही नाही! जपून जा!" मी ओरडलो.

"हां!" म्हणाल्या, आणि वळून पोरांकडं बघितलं. ट्रॉली हलायच्या आतच त्यांचा खेळ सुरू झालेला. एक-दोन-तीन म्हटलं की सगळ्यांनी हवी तेवढी बोटं पुढं करायची, आणि सगळ्यांची बेरीज जो आधी सांगेल तो जिंकला. हात पुढं झाले. बाईंनी झरकन नजर फिरवली आणि सगळ्यांच्या आधी ओरडल्या, "सदतीस!"

"अडतीस," रुकमी म्हणाली. तिनं पाठ वळवलेलीच होती, पण मान कधी वळवली होती ते मी पाहिलं नाही. "बाळ्याचं बोट मोजलंच न्हाई तुमी."

खरंच, बाळ्यानं एक बोट पुढं केलं होतं.

"बाळ्या खेळात हाय का?" बाई तावातावानं म्हणाल्या.

"हाय की! बाळ्याबी हाय, मीबी हाय." रुकमीनं बाळ्याला एका मांडीवर सरकवलं, वळून बसली आणि आपला ओरखड्यांचा हात सगळ्यांच्या मधोमध धरला. "परत मोजा."

ट्रॅक्टर वळणाकडं निघाला. मी हात वर केला. बाईंनी पाहिलं नाही. त्या पहिल्यापासून बोटं मोजत होत्या.